बारा पायऱ्यांची शिडी कुणाच्या नावावर?

मी सहा आठवड्यांचा हिशेबाचा वर्ग केला आणि तिसऱ्या महिन्यात सख्ख्या बहिणीशी बोलणं तुटलं. वर्गाचा काही दोष नव्हता. मीच अर्धवट शिकले, आणि अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातात कोरी वही देऊ नये हे माझं मत आता पक्कं झालंय.

आमचं शिड्यांचं दुकान आहे. आमचं म्हणजे आमच्या ह्यांचं आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, निम्म्या-निम्म्या भागीदारीत. आमचे हे सहा फूट, तिचा नवरा त्यांच्या कोपराच्या जरा वर. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना लांब साडू आणि आखूड साडू म्हणते. लांब साडू शिड्या बनवतात, आखूड साडू विकतात. ते शिडीवर चढून दाखवतात आणि गिऱ्हाइकाला पटतं, की या माणसाला शिडीची खरोखर गरज आहे, याचं ऐकावं.

अकरा वर्षं हिशेब तोंडी चालला. कुणी काय घरी नेलं, कुणी गल्ल्यातून किती काढले, सगळ्याला एकच उत्तर: बघू नंतर. मग मी वर्गाला गेले. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दुकान वेगळं आणि मालक वेगळा. दुकानाचा खिळा जरी घरी नेला तरी ती मालकाची उचल, त्याच्या नावावर लिहायची. मला हे इतकं पटलं की घरी येऊन ह्यांच्या कानावरची पेन्सिल काढली आणि दुकानात नेऊन ठेवली.

"अगं, दुकान म्हणजे मीच की!" हे म्हणाले.

"तुम्ही निम्मे. पेन्सिल पाहिजे तर दुसऱ्या निम्म्याला विचारा."

सरांनी आणखी एक सांगितलं होतं: पावतीशिवाय नोंद करायची नाही, अंदाजानं तर नाहीच नाही. त्या दिवशी मी वहीला कव्हर घालत होते.

वर्ष संपलं तसा मी साठा मोजला. आठ पायऱ्यांच्या जुळल्या, दहाच्या जुळल्या. बारा पायऱ्यांच्या ह्यांनी आजवर चारच बनवल्या होत्या. दोन विकलेल्या, एक दुकानात. चौथीचा पत्ता नाही. बारा पायऱ्यांची शिडी काही खिशातून पडत नाही, म्हणजे नक्की कुणीतरी घरी नेली. आता चौघांत सर्वांत उंच शिडी कुणाला लागेल? जो सर्वांत आखूड त्याला. मी लाल शाईनं लिहून टाकलं: 'बारा पायऱ्यांची शिडी एक, आखूड साडूंची उचल.' खाली सही केली, दोन रेघाही मारल्या.

आखूड साडूंनी वही वाचली आणि ते दुकानातून निघून गेले. संध्याकाळी धाकटी आली.

"ताई, माझा नवरा चोर आहे?"

"चोर कोण म्हणतंय? उचल म्हणतात त्याला. वहीत तसंच लिहितात."

"मग शोध आमच्याकडे! खाटेखाली बघ, डब्यात बघ!"

मी ऐकून घ्यायला हवं होतं. पण नवी विद्या अंगात आली होती. मी म्हणाले, "वही खोटं बोलत नाही." ती पायरी उतरून गेली ती तीन आठवडे फिरकली नाही. लहानपणी एका चादरीत झोपलेल्या आम्ही, आता दुकानासमोरून जाताना ती पलीकडच्या बाजूनं चालायची. मला ते फार लागत होतं, पण लाल शाईत लिहिलेलं खोडायचं कसं?

शेवटी आखूड साडूंनी निरोप पाठवला: भागीदारी मोडू. रविवारी सकाळी चौघं आमच्या स्वयंपाकघरात जमलो. धाकटीनं माझ्याकडे पाठ करून खुर्ची घेतली.

"एकट्याची मालकी बरी," आमचे हे म्हणाले. "नफा आपला, तोटा आपला."

"आणि विकणार कोण? तुम्ही शेजारी उभे राहिलात की शिडीच आखूड दिसते," मी म्हणाले.

"कंपनी करून बघायची का?" आखूड साडूंनी हळूच विचारलं. मनातून त्यांनाही मोडायचं नव्हतं. "कायद्यानं कंपनी म्हणजे वेगळी व्यक्तीच असते म्हणे."

"अजून एक व्यक्ती?" धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. "आहेत त्या चौघांचं जमेना."

मोडायची तरी मूळ करार लागतो. तो होता माळ्यावरच्या पेटीत. मी पदर खोचला, तिथल्याच शिडीवरचे टॉवेल बाजूला केले आणि चढले. पेटी उघडली. करार वरच होता. त्याला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली, नऊ वर्षांपूर्वीची, अक्षर माझं: 'दुकानातून बारा पायऱ्यांची शिडी एक नेली. माळा झाडायचा आहे. उद्या परत करते.' खाली माझी सही, दोन रेघांसकट.

मी माळ्याच्या कडेवरून खाली बघितलं. निळ्या रंगाची शिडी. रंग मीच दिला होता, ओट्याला शोभावा म्हणून. पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. बाराच. नऊ वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत घालत होते आणि शिडी शोधत होते बहिणीच्या घरात. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"सापडला का करार?" खालून ह्यांनी विचारलं.

खरं सांगते, चिठ्ठी गिळायचा विचार आला. एवढासा तर कागद. करार खाली टाकायचा, भागीदारी मोडेल, शिडी निळीच राहील, कुणाला कळणार? मग धाकटीची पाठ दिसली. तिच्या ब्लाउजचं एक बटण तुटलं होतं, तिथं तिनं टाचणी लावली होती. तिची बटणं नेहमी मीच लावून देते.

मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. तारखेसकट.

खाली हे खाकरले. "नऊ वर्षांत घसारा धरला तर त्या शिडीची किंमत आता शून्यच असेल."

"शून्य का?" धाकटी उठली. "चांगली भक्कम आहे की. दुकानाची आहे ना? मग दुकानात जाऊ दे." आणि तिनं खरोखर शिडी ओढली, नवऱ्याला दुसरं टोक धरायला लावलं आणि दोघांनी ती दारापर्यंत नेली. मी माळ्यावर पाय लोंबकळत ठेवून बसले.

"अगं, मी उतरू कशी?"

"वहीला विचार. ती खोटं बोलत नाही."

"ताईंना उतरू दे गं," आखूड साडू म्हणाले. चोर सोडून मी ज्या संन्याशाला फाशी दिली, तोच माझी बाजू घेत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटीनं जरा विचार केला. मग शिडी परत आणून लावली. "दुकान निम्मं-निम्मं, म्हणजे शिडीही निम्मी-निम्मी. वरच्या सहा पायऱ्या तुमच्या, खालच्या सहा आमच्या. आमच्यावर फुकट पाय ठेवायचा नाही."

मी सहा पायऱ्या उतरले आणि थांबले. "चुकलं माझं."

"मला नको. त्यांना म्हण."

मी शिडीवर लटकून तिच्या नवऱ्याला म्हणाले, "चुकलं माझं. पावतीशिवाय लिहिलं." ते इतके लाजले की स्वयंपाकघराबाहेरच गेले. एक पायरी मिळाली. लाल नोंद खोडायचं कबूल केलं, दुसरी मिळाली. माझ्या नावावर लिहायचं कबूल केलं, तिसरी. वर्गाचं पुस्तक तिला द्यायचं, पुढचा साठा तिनं मोजायचा, या दोन पायऱ्या मला महाग पडल्या.

शेवटच्या पायरीवर मी विचारलं, "हिची काय किंमत?"

"बटण लावून दे," ती म्हणाली. रडत होती बावळट.

मी खाली पाय टेकला तेव्हा बघितलं. मी वरून बोलत होते तेवढा सगळा वेळ तिनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.