योर्दिनाचा अंघोळीचा मोजा

मित्रांनो, मी एक जुना अंघोळीचा मोजा आहे. टॉवेलच्या कापडाचा, चौकोनी पिशवीसारखा. हात आत घालायचा, साबण लावायचा आणि अंग चोळायचं. हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कोळीगावात घरातल्या प्रत्येकाचा मोजा वेगळ्या खुंटीला असतो. मला आल्ट्येआजीने नातीच्या, म्हणजे योर्दिनाच्या, बाप्तिस्म्याच्या वेळी शिवलं आणि निळा काठ लावला.

योर्दिना वाढली, पण बोलली नाही. तिच्या मनाची वाढ वेगळ्या वाटेने होणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाण्याचा फवारा तिला सुयांसारखा टोचे. उघडा हात अंगाला लागला की ती किंचाळे. आठव्या वर्षीही तिला लंगोट लागत असे. रोज नीट धुतलं नाही, तर मांड्यांची कातडी सोलून निघे. तिची आई हेस्टर हरत हरत शेवटी माझ्यापाशी आली. माझा स्पर्श योर्दिनाने चालवून घेतला, तोही गाणं चालू असेल तरच.

गाणं म्हणजे देवळातलं स्तोत्र. आमच्याकडे ते फार संथ गातात, एकेका अक्षराला एकेक श्वास. पहिल्या ओळीला चेहरा, दुसरीला मान, मग हात, पोट, आणि कडवं संपता संपता मांड्या. गाणं थांबलं की हेस्टरचा हातही थांबायचा. देवाचं नाव घेत घेत मी त्या लेकराच्या अंगावरून फिरलो, याहून मोठं भाग्य एखाद्या कापडाला कुठलं?

असं चार वर्षं चाललं. एका शनिवारी योर्दिनाने मला आईच्या हातातून ओढलं, स्वतःच्या हातात चढवलं आणि डावा गाल पुसला. फक्त डावाच. हेस्टरची गाणं थांबवायची छाती होईना. तिने तीच ओळ तीनदा गायली. बोटीवरून नुकताच आलेला वाउटर, योर्दिनाचा बाप, दारात उभा होता.

"आपल्यापेक्षा स्वच्छ राहील ही," तो म्हणाला.

"तुम्ही आधी पाय धुवा. घरभर मासळीचा वास सुटलाय."

दोघंही हसली. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं मोकळं हसू.

तोवर मी करडा पडलो होतो. हेस्टर मला रोज हिरव्या साबणाने हातानेच धुवायची, इतर कपड्यांत कधी टाकायची नाही. आजीला ते बघवत नसे.

"हेस्टर, हा मोजा आहे की वाळवलेला मासा? पाहुणे म्हणतील, याने फरशी पुसतात."

"राहू द्या आई. तिला चालतो ना?"

का राहू द्यायचा, ते काही तिने सांगितलं नाही.

मग ईस्टरच्या आधीची मोठी साफसफाई आली. त्या आठवड्यात आमच्या गावात घराघरांतल्या गाद्या, पडदे, गालिचे सगळं बाहेर निघतं आणि कुणाचं घर अधिक झळकतं याची मूक चढाओढ लागते. हेस्टर लेकीला शाळेत सोडायला गेली तेव्हा आजीने मला चादरींबरोबर सोड्यात उकळलं, ब्लीचमध्ये बुडवलं आणि समुद्राच्या बांधावरच्या वाऱ्यात वाळत घातलं. मित्रांनो, खरं सांगतो, मलाही अभिमान वाटला. शेजारीण म्हणाली, "नवा घेतलात का?" मी फुगलो.

त्या संध्याकाळी योर्दिनाने मला नाकाशी नेलं आणि पाण्यात टाकून दिलं. हेस्टरने मला उचलून गायला सुरुवात केली, तर पोरीने कान झाकले आणि स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे तर दुरून स्तोत्राचा सूर आला तरी ती टेबलाखाली शिरू लागली.

हेस्टरने मला हिरव्या साबणात आठवडाभर भिजवलं. उशाशी घेऊन झोपली. माझा जुना वास काही परत आला नाही. योर्दिना धुऊ देईना; तिच्या मांड्यांवर जखमा झाल्या, त्या चिघळल्या. गावची नर्स दोनदा आली, आणि दुसऱ्यांदा हळू आवाजात म्हणाली, "बाई, घरी हे आता होणार नाही."

"मी घाणच काढली ना गं?" आजीने विचारलं.

"तुम्ही नेहमीसारखंच केलंत, आई. मीच सांगायला हवं होतं."

शरद ऋतूत योर्दिनाला दूरच्या शहरातल्या संस्थेत ठेवलं. पहिल्या भेटीला हेस्टर मला पर्समध्ये घालून घेऊन गेली. तिथे एकदा वापरून फेकायची फडकी असतात आणि दोन माणसं मिळून तिला धुतात. जखमा भरल्या होत्या. केस ओले, अंगाला परका सुगंध. हेस्टरने मला पुढे केलं. योर्दिनाने पाहिलं आणि मान वळवली. परतीच्या वाटेत मोटारीत हेस्टर काही गायली नाही. त्यानंतर देवळातही तिचे ओठ मिटलेले असतात, असं आजी सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरात असं लेकरू असेल, तर त्याची एखादी वस्तू धुण्याआधी, बदलण्याआधी त्याच्या आईला विचारा. आणि आईने घरातल्या सगळ्यांना कारण सांगून ठेवावं, एकदा नव्हे, दहादा. पहिल्या दिवसापासून एकाच्या जागी दोन मोजे ठेवा, आलटून पालटून वापरा. आमच्याकडे मी एकटाच होतो.

आता मी कपाटात घडी घालून ठेवलेला आहे. पांढराशुभ्र आहे. मला कुणी हात लावत नाही.