दशमीला नेत्र

पंकजा त्या बुधवारी ऑफिसात पाऊण तास आधी येऊन बसली. एरवी ती एक मिनिटही आधी येणारी बाई नव्हे. पण आदल्या संध्याकाळी हयग्रीव कंप्यूटरवर ई-मेलचा नवा प्रोग्राम घालून गेला होता, आणि तो कसा दिसतो हे पाहिल्याशिवाय तिला घरची इडली गोड लागेना.

ऑफिस म्हणजे कुंभकोणम्‌च्या बाजारात भांड्यांच्या दुकानावरची माडी. चंद्रमौली मामांचा धंदा पंचधातूच्या मूर्ती परदेशी पाठवण्याचा. मूर्ती घडायच्या स्वामीमलैला, पत्रं यायची इथं. गेल्या वर्षी, सत्त्याण्णव साली, पंकजानंच हट्ट धरून मामांना कंप्यूटर घ्यायला लावला. मामांनी अट घातली, की या डब्यापायी एक जरी मूर्ती बिघडली तर डबा खाली भांडीवाल्याला मोडीत देईन. पंकजानं अट हसत मान्य केली. चाळिशी उलटल्यावर टाइपरायटर सोडून माऊस धरायला शिकलेली बाई असल्या अटींना भीक घालत नाही.

आणि डबा खरंच गुणाचा निघाला. त्यातही पंकजाचा जीव जडला तो आधीच्या प्रोग्रामातल्या कामांच्या यादीवर. आलेलं पत्र माऊसनं उचलायचं आणि पडद्याच्या उजव्या पट्टीत टाकायचं. की झालं, पत्राचं काम बनलं. पत्र त्या ओळीच्या पोटात बसायचं. शेजारी एक चौकट असायची, काम केव्हा करायचं ते लिहायला. या चौकटीत काय लिहावं याला बंधन नव्हतं. पंकजा तिथं तिथी लिहायची. घरात सगळं तिथीवर चालतं, कोणत्या दिवशी उपास, कोणाचं श्राद्ध कधी, ते तिला सांगावं लागत नाही. इंग्रजी तारीख मात्र रोज कॅलेंडरात पाहावी लागते. तेव्हा तृतीयेला अमक्याला फोटो, षष्ठीला तमक्याची पेटी. हयग्रीवला या गोष्टीचा पत्ताच नव्हता. हयग्रीव तिचा आतेभाऊ, बाजाराच्या टोकाला कंप्यूटरचे वर्ग चालवणारा, मिशीला पीळ देणारा गृहस्थ. शिकवण्यात हुशार, पण ऐकून घेण्यात कच्चा.

पंकजा सगळ्यांना सांगत सुटायची, की आता माझं डोकं मोकळं झालं, सगळं यादीत आहे.

तर बुधवारी तिनं नवा प्रोग्राम उघडला. रंग छान होते. अक्षरं सुबक होती. यादीची पट्टी उजवीकडून डावीकडे गेली होती, तेही तिनं पोटात घातलं. मग पट्टी उघडली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एक्केचाळीस कामांपैकी दोनच उरली होती. एक टेलिफोनच्या तक्रारीचं, दुसरं कंप्यूटरचा पंखा साफ करण्याचं. सोन्यासारखी एकोणचाळीस पत्रं गेली, आणि पंख्याची धूळ तेवढी शिल्लक राहिली.

तिनं बोलावताच हयग्रीव आला तो जिना धापा टाकत चढून. त्यानं इकडे दाबलं, तिकडे दाबलं, फ्लॉपी घालून पाहिली. त्यानं जुन्या पत्रांची प्रत काढून ठेवली होती, पण ती आलेल्या पत्रांच्या पेटीची. यादीच्या पोटात पत्रं असतात हे त्याच्या गावीही नव्हतं.

"अक्का, केव्हां करावयाचें त्या चौकटींत तूं काय लिहीत होतीस?" त्यानं घरच्या जुन्या तंजावरी मराठीत विचारलं.

"तिथी."

हयग्रीवनं मिशीवरचा हात काढला. नव्या प्रोग्रामाला तारीख आकड्यांतच लागते, हे त्यानं जरा हळू आवाजात सांगितलं. आकडे नसलेली ओळ त्याला कळत नाही, आणि जे कळत नाही ते तो टाकून देतो. टेलिफोनला आणि पंख्याला कसली तिथी, म्हणून त्यांच्यापुढं तेवढी तिनं तारीख लिहिली होती, तीच दोन वाचली. पंकजाला भयंकर राग आला. तिच्या सात पिढ्या ज्या हिशेबानं जेवल्या आणि उपाशी राहिल्या, तो या कालच्या पोराला कळत नाही म्हणे!

पण राग करायला वेळ कुठं होता? तिला आठवलं, की आज दशमी. वैशाख शुद्ध दशमी. आणि दशमीच्या ओळीत दोनच शब्द होते, दशमीला नेत्र.

यादीत दोन वेणुगोपाळ होते, दोन्ही तीन फुटी, दोन्ही एकाच महिन्यात आलेल्या मागणीचे. एक डर्बनच्या देवळाचा, एक टोरांटोच्या. मूर्ती पुरी झाली तरी तिचे डोळे कोरलेले नसतात. ते शेवटी, मुहूर्तावर, सोन्याच्या सुईनं उघडतात, आणि तेव्हा ती देव होते. या दोघांतल्या एका देवळानं कळवलं होतं, की डोळे तिकडेच उघडून, पूजा लावून पाठवा. दुसऱ्यानं बजावलं होतं, की काही झालं तरी उघडू नका, ते आमच्या लोकांसमोर उघडायचे आहेत. कोणतं कुणाचं, ते यादीत होतं. मोकळ्या डोक्यात नव्हतं.

स्वामीमलैला तिनं चिठ्ठी पाठवली होती ती तेवढीच, दशमीला नेत्र. मूर्ती घडवणारा तिथला स्थपती दोघांचेही उघडणार, यात शंकाच नाही. मुहूर्त सव्वाअकराचा, कारण बाराला राहुकाळ लागतो. घड्याळात सव्वादहा झाले होते. त्याच्या वर्कशॉपचा फोन तीन दिवस बंद होता, त्याचीच ती तक्रार. टोरांटोत मध्यरात्र, डर्बनला धड उजाडलेलं नाही, आणि पत्र धाडलं तर उत्तराला संध्याकाळ उजाडणार. मामा मद्रासला.

"अक्का, जुना प्रोग्राम मी परत घालून—" हयग्रीव म्हणत होता, तोवर पंकजा जिना उतरून रस्त्यावर पोचलीही होती.

ऑटोवाल्याला तिनं तमिळमध्ये सांगितलं, की अकराच्या आत स्वामीमलै, पुढचं बोलणं तिथं पोचल्यावर. वैशाखातलं ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि खरं सांगायचं तर पंकजाला भीती वाटत होती तितकीच मजाही वाटत होती. वर्षभर ती खुर्चीत बसून जगभर पत्रं धाडत होती. आज पहिल्यांदा एका पत्रासाठी तिला स्वतःला धावावं लागत होतं. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं. गाडीचा पत्ता नाही. पाच मिनिटं तिनं कशीबशी काढली, मग पदर खोचला, फाटकाखालून वाकून पलीकडे गेली आणि तिकडच्या ऑटोत जाऊन बसली. पहिला ऑटोवाला ओरडत राहिला. त्याचं भाडं परतताना देईन असं तिनं लांबूनच ओरडून सांगितलं.

वर्कशॉपात दोन्ही कृष्ण शेजारी शेजारी उभे होते. त्यांच्या डोळ्यांवर पिवळं वस्त्र बांधलेलं. स्वामीनाथ स्थपती अंघोळ करून, ओल्या केसांनी, सुई ताम्हनात घेऊन बसला होता. साठी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. पंकजानं धापा टाकत सगळं सांगितलं. स्वामीनाथ रागावला नाही. कोणता कुठं जाणार हे मला ठाऊक आहे, पाठीवर खडूनं लिहिलंय, तो म्हणाला, पण डोळे कोणाचे ते तुम्ही सांगायचं.

मग दोन्हीही राहू द्या, ती म्हणाली. त्यावर त्यानं मान हलवली. पेट्या शुक्रवारी मद्रासला जाणार, पुढचा मुहूर्त त्यानंतर. ज्यांनी उघडून मागितलाय त्यांच्याकडे उघडणारा माणूसच नाही, त्यांनी काय आंधळ्या देवाची पूजा करायची? आणि उलट चूक झाली तर उघडलेले डोळे काही मिटवता येत नाहीत. अजून बारा मिनिटं आहेत, तो म्हणाला.

पंकजा पायरीवर टेकली. दशमीच्या ओळीखालचं पत्र आठवून पाहिलं, नाही आठवलं. डोळे घट्ट मिटले, तरी नाही. नवमीला काय होतं? हे मात्र चटकन आठवलं, नवमीला सिंगापूरच्या दिव्यांचं वजन कळवायचं होतं. अष्टमीला? मॉरिशसची फुटलेली प्रभावळ. तिनं अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि घरी सणवार मोजतात तशी प्रतिपदेपासून मोजायला लागली. एकेक पेर, एकेक काम. तिनं तिथी काही डोळे मिटून लिहिल्या नव्हत्या, प्रत्येक कामाला शोभेल अशी निवडली होती. चतुर्थीला गणपतीची पेटी, पंचमीला नागाच्या फण्याचा फोटो. ओळी सरसर येऊ लागल्या, आणि पंकजाला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं बोलायला लागली. ओतकाम करणारे दोघे हात थांबवून ऐकत राहिले. एकादशीला काही नाही, उपास. द्वादशीला लंडन. त्रयोदशीला मेणाचा साचा. चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला—

तिथं ती थांबली.

नृसिंह जयंतीला टोरांटोला विचारायचं होतं, तुमच्या स्थपतीचा व्हिसा आला का?

ती ताडकन उठली. ज्यांचा स्वतःचा स्थपती इथून विमानानं जाणार आहे, ते डोळे इकडे कशाला उघडून मागतील? त्यांना तर तो डोळ्यांसाठीच हवा आहे.

"डर्बनचा उघडा," ती म्हणाली. "टोरांटोच्याला हात लावायचा नाही."

स्वामीनाथनं तिच्याकडे एकदा पाहिलं. नक्की का, असं विचारलंसुद्धा नाही. त्यानं एका कृष्णाला वस्त्रासकट पडद्याआड नेलं, दुसऱ्याचं वस्त्र सोडलं. सुईचं टोक मधात बुडवलं. पहिली नजर माणसावर पडू द्यायची नाही म्हणून आरसा धरावा लागतो. तो त्यानं पंकजाच्या हातात दिला. सुई दोनदा फिरली, आणि आरशाच्या मागे उभ्या पंकजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. देव दिसला म्हणून, की आपण चुकलो नाही अशी आशा वाटली म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं. दोन्ही खरं होतं.

परत येऊन तिनं डर्बन आणि टोरांटो, दोघांनाही पत्र टाकलं. काय झालं ते लपवलं नाही. जेवणही केलं नाही. हयग्रीव शेजारीच बसून होता. अधूनमधून मोडेम किंचाळायचा, आणि दोघंही दचकायचे. पाचला डर्बनचं उत्तर आलं, की डोळे उघडल्याबद्दल आभार, आरतीची तयारी करतो. पंकजाचा जीव भांड्यात पडला. तिनं हयग्रीवला कॉफी मागवायला सांगितली.

टोरांटोचं उत्तर दिवे लागल्यावर आलं. तिनं ते वाचलं, परत वाचलं, आणि हयग्रीवला वाचायला लावलं. लिहिलं होतं, की डोळे मिटलेले ठेवलेत हे फार उपकार झाले. व्हिसा आला, पण आमचे स्थपती परवा पायऱ्यांवरून पडले, उजवं मनगट मोडलं. आमची सहाशे माणसं त्या दिवसाची वाट पाहतायत. ज्यांनी ही मूर्ती घडवली, तेच येतील का? तिकीट आणि कागदपत्रं आम्ही पाहू, मूर्तीची पेटी तोवर थांबवलीत तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजा पहिल्या बसनं स्वामीमलैला गेली. स्वामीनाथ भट्टीपाशी होता. तिनं पत्र तमिळमध्ये करून सांगितलं. त्यानं ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग हात पुसले आणि खाली बसला. चाळीस वर्षं इथून देव पाठवतोय, तो म्हणाला, पेटीला खिळे ठोकले की संपलं. कोणाचं देऊळ कसं आहे, कोण पुढं उभं राहतं, एकदाही पाहिलं नाही.

तिकडे फार थंडी असते का, त्यानं विचारलं. आता उन्हाळाच आहे, पंकजानं सांगितलं, तरी एक शाल घ्या.

मग स्वामीनाथ उठला, पडद्याआड गेला. वस्त्र बांधलेल्या कृष्णाच्या खांद्यावर त्यानं हात ठेवलेला पंकजाला दिसला, आणि तो हळूच तमिळमध्ये म्हणाला ते तिला ऐकू आलं.

"थांब थोडा. आपण दोघं बरोबरच जाऊ."