मरणाच्या वेळचा घागरा

शनिवारचा कान काउ गावचा बाजार डोंगराच्या खांद्यावर भरला होता. खालच्या अंगाला म्हशी हंबरत होत्या, वर मक्याच्या दारूचा वास सुटला होता आणि मध्ये लाल-निळ्या-पिवळ्या घागऱ्यांची नुसती लाट उसळली होती. त्या लाटेत पांगचा घागरा उठून दिसत होता. सीमेपलीकडून आलेला, यंत्रावरचा, चकचकीत. आणि तोच तिला निखाऱ्यासारखा झोंबत होता.

कारण मागच्या बाजारी तिनं त्याच्या बदल्यात सासूचा तागाचा घागरा देऊन टाकला होता. तोही साधासुधा नव्हे, मरणाच्या वेळी नेसवायचा. अंगावर तागाचं वस्त्र नसलं तर पुढे गेलेले वाडवडील माणसाला ओळखत नाहीत, दारातूनच परत पाठवतात. 'म्हातारी ठणठणीत आहे, तोवर दुसरा विणू,' असं पांगनं मनाला समजावलं होतं. मनाचं काय, सोयीचं ते लगेच पटतं त्याला! आणि त्याच आठवड्यात झूआ म्हातारीला खोकला लागला.

आज म्हातारी हट्टानं सोबत आली होती, लाल दोरा घ्यायला.

"कमरपट्ट्याची शेवटची ओळ राहिलीय गं," ती म्हणाली. "अर्धवट नेसून गेले तर माझी सासू तिकडेही टोमणे मारील. इथं काय कमी मारले होते!"

दोरेवाली खो-खो हसली. पांगला मात्र हसू येईना.

"आई, तुम्ही इथं बसून गरम रस्सा प्या. मी आलेच."

जुनं कापड घेऊन नवं देणारी थोआ पालाखाली बसली होती. पांगनं धापा टाकतच म्हटलं, "थोआताई, तो घागरा परत द्या. घरी जाऊन हा माझा आणून देते."

"आता कुठला घागरा, बाई?" थोआनं पालाच्या दोरीला लटकणाऱ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "पिशव्या झाल्या त्याच्या. एकच उरलीय. तूच म्हणालीस ना, याला कुणी धनी नाही म्हणून?"

पांगची मान खाली गेली. पिशवीवर मेणानं रेखलेली निळी नक्षी होती. सासूच्या हातची. तिनं डोक्यावरचा नवा रुमाल सोडला, थोआपुढे ठेवला आणि पिशवी घेऊन परतली.

म्हातारीची नजर अधू, पण निळीनं कायमची रंगलेली तिची बोटं पिशवीच्या चुण्यांवरून फिरली आणि थांबली.

"ही चुणी माझी आहे."

"मी दिला, आई. या चकचकीत चिंधीपायी. मला ठाऊक होतं तो कशाचा आहे ते."

म्हातारीनं रश्शाचा वाडगा बाजूला सारला. मग दातांनी पिशवीची शिवण उसवू लागली.

"एवढा तुकडा नव्या घागऱ्याच्या कमरेला पुरेल. बाकीचं तू करायचंस. ताग पेर, सोल, कात, विण, निळीत बुडव. तोवर मी मरायची नाही." ती जोरात खोकली. "आणि दर खोकल्याला तुझा जीव वर-खाली होईल, तो होऊ दे. मी थांबवायची नाही."

पांगनं बियाणेवाल्याकडून तागाच्या बियांची पुडी घेतली, म्हातारीची टोपली आपल्या पाठीवर चढवली आणि चढ चालू लागली. मागे म्हातारी पुन्हा खोकली. पांगनं पुडी मुठीत घट्ट आवळली.