रज्जाकशेठ राऊटर निवडतात

रज्जाकशेठनी राऊटर कानाशी धरला आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. सागवान असं वाजवूनच घ्यायचं, हा त्यांच्या वखारीचा शिरस्ता होता. वखार बंद झाली, पण पेर अजून कामावर होतं.

"पोकळ वाजतोय," ते म्हणाले.

"पोकळच असतो, शेठ," चौक नाक्यावरचा दुकानदार म्हणाला. "आत हवा खेळायला लागते, नायतर गरम होऊन बंद पडतो."

"आणि ही शिंगं किती?"

"सहा अँटेना. त्या धाकट्याला चार."

शेठनी दोन्ही राऊटर काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि बकरीदच्या बाजारात दोन बोकड बघावेत तसे मागूनपुढून बघितले. दात बघायची सोय नव्हती, एवढंच. शिंगांवर जाऊ नये हे मात्र त्यांना बोकडांवरून ठाऊक होतं.

"भिंती कशा हायत घराच्या?" दुकानदाराने विचारलं.

"दगडी. हातभर जाड."

"मग नुसती शिंगं मोजू नका. वाय-फायच्या दोन लहरी असतात. एक जोरात धावते, पण भिंत आली की दमते. दुसरी सावकाश चालते, पण भिंत ओलांडते. या चारवाल्यात दोन्ही हायत. सोबत ही छोटी बॅटरी न्या. लाईट गेली तरी नेट चालू राहील."

"टिकेल का?"

"माझ्या घरी हाच हाय."

"तुझ्या घरी तू दुकानातलं खपत नाय ते नेतोस," शेठ म्हणाले आणि चार शिंगांचा राऊटर बॅटरीसकट पिशवीत घातला.

हा राऊटर टिकणं लोधिवलीतल्या शेठच्या घराला फार गरजेचं होतं. शेठची सून मेहनाज एका विमा कंपनीची कागदपत्रं घरात बसून तपासायची. ऑफिस ऐरोलीला. नेट सारखं जात होतं, म्हणून तिच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की हे असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसात येऊन बसावं लागेल. ऐरोली म्हणजे तिथे खोली. खोली म्हणजे तिच्या मुलीची, नमिराची शाळाही तिकडेच. आणि सहा वर्षांची नमिरा गेली, की शेठच्या चपला लपवायला घरात कुणी उरणार नव्हतं. मुलगा आदिल जहाजावर होता. बंदराला लागला की तो फोन करायचा आणि म्हणायचा, "बावा, तुमी म्हणाल तसं." हे वाक्य तो जगातल्या सगळ्या बंदरांतून बोलून चुकला होता.

शिवाय मेहनाज नुसती सून नव्हती. ती शेठच्या सख्ख्या बहिणीची, हमीदाची मुलगी. मामाच्या घरी दिलेली पोर. लग्नानंतरही ती त्यांना मामूच म्हणायची आणि शेठच्या बायकोला, खतीजाबींना, मामी. मामाच्या घरातून भाची निघाली, तर लोक आधी मामाच्या तोंडाकडे बघतात आणि मग भाचीच्या आईच्या. तेव्हा तिने निघू नये, अशी सगळ्यांची सोय त्या राऊटरवर येऊन बसली होती.

नवा राऊटर बसवायला केबलवाला विठू आला. जुना राऊटर काचेच्या शोकेसमध्ये खालच्या कप्प्यात, चहाच्या सेटमागे होता. त्यावर खतीजाबींनी क्रोशाने विणलेलं झाकण होतं. त्या घरात मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन अशा सगळ्यांनाच कपडे होते.

"मामी, याला गोधडी कशाला?" विठूने विचारलं.

"धूळ बसते."

"उकडून मरतोय तो आत. मागे आरसा, पुढे कपबश्या. नेट येईल कुठून बाहेर?"

"इतकी वर्षं टीव्हीचं येतंय की झाकणातून," खतीजाबी म्हणाल्या आणि झाकण घडी करून घेऊन गेल्या.

विठूने नवा राऊटर माजघराच्या मधल्या भिंतीवर उंच बसवला. शेजारच्यांच्या राऊटरशी टक्कर होऊ नये म्हणून चॅनल बदलला. मग शेठनी नमिराच्या हातात फोन देऊन तिला प्रत्येक खोलीत उभं केलं आणि कार्टून लावलं. पडवीत कार्टून चाललं. स्वयंपाकघरात चाललं. न्हाणीत चाललं. परसातल्या शेवग्याखाली जरा अडखळलं, पण शेवग्याखाली कुणी विम्याचं काम करत नव्हतं. शेठनी विठूला चहा दिला. वर बिस्किटंही दिली.

दोन दिवस नेट एखाद्या सरळमार्गी माणसासारखं चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी मेहनाज खोलीबाहेर आली. तिने हेडफोन गळ्यात उतरवले होते.

"मामू, परत गेलं."

शेठ पुढे होईपर्यंत ते आलंही होतं. दुसऱ्या दिवशी परत गेलं, परत आलं. विठूला बोलावणं गेलं. विठूने आधी फ्रिजवर संशय घेतला, मग मायक्रोवेव्हवर, मग केबल कुरतडणाऱ्या खारींवर. शेठनी फ्रिज हलवला, मायक्रोवेव्ह पडवीत नेला आणि खारींसाठी केबलला पाइप घातला. जुम्म्याच्या नमाजनंतर चपला घालता घालता मशिदीच्या पायरीवर यावर चर्चा झाली. एकाने टॉवरला दोष दिला, एकाने डोंगराला. एक म्हातारे म्हणाले की पूर्वी हे असलं काही नव्हतं. ते खरंच होतं.

आपल्या घरचं नेट टिकत नसताना शेठ इतरांचे राऊटर मात्र दुरुस्त करू लागले. कुणाचा कपाटावरून काढून मधे ठेवायला लाव, कुणाचा माशांच्या टाकीमागून हलव. गावभर नेट सुधारलं. फक्त त्यांच्या घरी दुपारी ते जायचंच.

शेवटी विठू म्हणाला, "शेठ, वाय-फायचा नादच सोडा. सरळ वायर टाका. राऊटरपासून माळ्यावरून सुनबाईंच्या टेबलापर्यंत. मग कोण अडवतो बघू."

हे शेठना पटलं. वायर दिसते, हाताला लागते, तिचा भरवसा धरता येतो. विठू वायरचं वेटोळं देऊन गेला. पण माळ्यावर चढायचं म्हटलं की या वयात खतीजाबींची परवानगी मिळाली नसती. म्हणून जेवण झाल्यावर शेठ "नाक्यावर जाऊन येतो" म्हणाले, पुढच्या दाराने बाहेर पडले आणि घराला वळसा घालून मागच्या शिडीने वर चढले.

कौलाखाली भट्टीसारखं तापलं होतं. शेठ फळ्यांवरून रांगत माजघराच्या वर आले. फळ्यांच्या फटीतून खालचा राऊटर नीट दिसत होता. चारही दिवे हिरवे. शेठनी समाधानाने वायर सोडायला सुरुवात केली.

खाली खतीजाबी भिंतीला टेकून भिजवलेले वाल सोलत होत्या. मेहनाज आली. तिने पायानेच स्टूल भिंतीकडे सरकवलं, इतकं नेमकं, की स्टुलालाही सवय झाली असावी. ती वर चढली. तिने राऊटरचा प्लग उपसला. मग बॅटरीचं बटण दाबलं. दिवे गेले.

"आज लवकर काढलंस," खतीजाबी मान वर न करता म्हणाल्या.

"सकाळपासून चालूच होतं गं मामी. साहेब म्हणाले, असंच चालू राहिलं तर कायमचं घरूनच करा."

"मग?"

"मग काय. काढलं." मेहनाज स्टुलावरच बसली आणि तिने चार वाल सोलायला घेतले. "जुना बरा होता. आपोआप जायचा."

"माझं झाकण होतं ना त्याच्यावर."

दोघी हसल्या. माळ्यावर शेठच्या हातातली वायर थांबली.

"सांगून टाक एकदा मामूंना," खतीजाबी म्हणाल्या. "वाघ नायत ते."

"वाघ असते तर सांगितलं असतं. परवा एकट्याने फ्रिज हलवत होते, मामी. माझ्यासाठी. त्यांना कसं सांगू, की मला जायचंच आहे म्हणून?"

 खतीजाबींनी वालांचं ताट तिच्याकडे थोडं सरकवलं.

"ट्रेनिंगला होते ना तिकडे," मेहनाज म्हणाली, "तर दुपारी डबा उघडला की चौघी हात घालायच्या. कोळंबीवरून भांडणं. एकीने तर माझा चमचा पळवला. इथे काय, मी आणि लॅपटॉप."

"आणि मी कोण?"

"तू माझी कोळंबी खात नाहीस."

"खाजवतं मला."

"तेच म्हणते." मेहनाजने एक वाल सोलून उगाच परत ताटात टाकला. "आणि अम्मीला काय सांगू? मामाचं घर सोडून आले म्हटलं, तर ती मला दारात उभं करणार नाही."

"हमीदाला कुणी काय बोलायचं नाय. पण 'जा' हे यांच्या तोंडून यायला हवं. मी बोलले तर मी घर फोडलं. तू बोललीस तर तू."

मेहनाजने मान हलवली. फोन कानाला लावला. "हॅलो, सर? हो, परत गेलं. नवा राऊटर आहे, सर, तरी. हो, घरचे खूप प्रयत्न करतायत." आवाज जराही हलला नाही. लहानपणी हमीदा असंच बेमालूम खोटं बोलायची आणि मार रज्जाकला बसायचा. एवढ्या वर्षांनी शेठना बहिणीचं कौतुक वाटलं.

फोनवरचं शेवटचं वाक्य मात्र खरं होतं. शेठ फळीवर पालथे पडून राहिले. दोघी उठून जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग वायरचं वेटोळं तिथेच ठेवून आल्या वाटेने उतरले, आणि सांगितलं होतं म्हणून खरोखरच नाक्यावर गेले. तिथे त्यांना काहीच काम नव्हतं. पनवेलच्या एस्ट्या कोणत्या वेळी असतात, एवढं त्यांनी विचारलं.

संध्याकाळी पडवीत सगळे चहाला बसले होते. नमिरा पायरीवर खडूने गाडी काढत होती.

"हा राऊटर काय खरा नाय," शेठ म्हणाले.

मेहनाजचा कप ओठाशी थांबला. "पण मामू, तुम्ही तर गावभर..."

"मी लाकूडवाला. मला काय कळतंय त्यातलं. विठू म्हणतो, डोंगर आडवा येतो. इथे कुठलाही आणला तरी टिकायचा नाय." विठू असं काही म्हणाला नव्हता. "उगाच तुझी नोकरी जायची. तिकडे खोली बघू."

 रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत सगळ्यांनी वाट बघितली.

"अम्मी काय म्हणेल?" मेहनाजने बशीकडे बघत विचारलं.

"तिला मी फोन करतो. मामूने पाठवली म्हणून गेली, असं सांगीन. भांडायचं तर माझ्याशी भांड म्हणावं. लहानपणापासून सवय हाय तिला." शेठनी चहाचा घोट घेतला. "पण खोली मी बघितल्याशिवाय घ्यायची नाय. भिंती बघायला लागतील. राऊटर मधे बसतो का, ते बघायला लागेल."

"हा घेऊन जायचा?"

"मग? इथे त्याचं काय काम?"

नमिराने खडू थांबवला आणि आजोबांकडे बघितलं. "दादा, तिथे कार्टून अडकणार नाय?"

"नाय अडकणार."

"आणि तुमी?"

शेठनी या प्रश्नाचा विचार केला. "मी एस्टीने येईन," ते म्हणाले.

मेहनाज उठली आणि काहीतरी गॅसवर आहे असं म्हणून आत गेली. गॅसवर काही नव्हतं. नमिराही तिच्यामागे धावली.

खतीजाबी कप गोळा करायला उठल्या आणि शेठच्या मागे जाऊन थांबल्या. त्यांच्या कानामागून मानेपर्यंत एक लांब कोळिष्टक लोंबत होतं, कौलाची काजळी लागून काळं झालेलं. खतीजाबींनी ते चिमटीत धरून हलकेच सोडवलं आणि थोडा वेळ उजेडात धरून बघितलं.

"नाक्यावर गेला होतात ना?"

"गेलो होतो."

खतीजाबींनी ते ओढणीच्या टोकाला पुसलं. मग गोळा केलेले कप पुन्हा खाली ठेवले, स्वतःच्या कपात उरलेला चहा शेठच्या कपात ओतला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.