मधली भिंत कोणाची?

मी एक जुना ओळंबा आहे. सत्याशी माझ्याइतकं इमान कोणीच राखलेलं नाही. अर्थात त्यात माझं कर्तृत्व काही नाही. दोऱ्याला बांधून सोडलं की मी सरळ खाली लोंबतो. मला दुसरं काही येतच नाही.

मित्रांनो, मी पितळेचा. एका गवंड्याच्या वडिलांनी मला घेतलं, पुढे त्या गवंड्याने वापरलं. भिंत सरळ आली की शाबासकी त्याला मिळे आणि मी जाई पिशवीत, थापीखाली.

मग आली बारा घरांची रांग. तयार घर परवडत नाही अशी बारा कुटुंबं ती गवंड्याच्या देखरेखीखाली स्वतःच बांधत होती. पाया खणताना निघालेली माती यंत्रात दाबून विटा केलेल्या. ना भट्टी, ना धूर. दोन घरांत मिळून मधली भिंत एकच. नियम असा, की सगळी घरं उभी राहिल्यावरच चिठ्ठ्या टाकायच्या. कुठलं घर आपलं हे ठाऊक नसल्यामुळे जो तो प्रत्येक भिंत डोळ्यांत तेल घालून रची.

पण लोकांनी गवंड्याला गळ घातली आणि चिठ्ठ्या आधीच निघाल्या. तेव्हापासून मला घरोघर मागणी. मधल्या भिंतीकडे मात्र कोणी नेईना.

तपासणीच्या सकाळी गवंड्याने मला शिलाईवालीच्या आणि भाजीवाल्याच्या मधल्या भिंतीवरून सोडलं. मी भिंतीपासून दोन बोटं लांब राहिलो, म्हणजे भिंत वर तेवढी कललेली. तपासणीचे नगरपालिकेचे साहेब अकराला येणार होते. भिंत नापास झाली तर छपराला परवानगी नाही. शिलाईवालीचा दोन महिन्यांचा नातू ताडपत्रीखाली खोकत होता.

गवंड्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याने मला हळूच भिंतीला टेकवलं. साहेबांसमोर असंच धरायचं, त्याची ही तालीम. पितळ असूनही मला घाम फुटला.

"मिस्त्री, दोरा ओढला की कापड सरळ दिसतं," मागून शिलाईवाली म्हणाली. "अंगात घातल्यावर कळतं काय ते."

"मावशी, साहेबांना नाही कळायचं."

"साहेब राहणारेत का इथं? याच भिंतीखाली पाळणा लागणारे माझा."

भाजीवाला धावत आला. "मावशी, ही भिंत तुमची ना?"

"मला वाटलं तुझी!"

"घ्या! म्हणजे बेवारसच वाढली की बिचारी."

गवंड्याने अंगठा काढला आणि थापी उचलली. साडेआठ वाजले होते.

वरचे सहा थर उतरवले. सांध्यातही मातीच, त्यामुळे विटा अखंड निघाल्या. बाराही घरची माणसं ओळीने उभी राहून विटा देत होती आणि दर थराला मला सोडलं जात होतं. अकराला पाच कमी असताना शेवटचा थर बसला. मी झुलत राहिलो. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. ताडपत्रीखाली बाळ खोकत होतं. हळूहळू मी थांबलो आणि भिंतीला जेमतेम टेकलो. शिलाईवाली नातवाला घ्यायला ताडपत्रीकडे वळली.

मित्रांनो, माझा दोरा विरलाय, तेवढा बदला. मला ओल्या पिशवीत कोंबू नका. आणि जी भिंत दोघांची असेल, तिच्याकडे मला आधी न्या.

साहेब सव्वाअकराला आले. गाडीची काच अर्धी खाली करून त्यांनी बाराही कागदांवर सह्या केल्या आणि न उतरताच गेले.