कमी शिकलेली हवी

कामोठ्यातल्या त्या सोसायटीत गीतांजलीबाईंना सगळे गीताकाकू म्हणत, आणि गीताकाकूंची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. समोरच्याचं वाक्य त्या अर्ध्यातून उचलत आणि स्वतःच पुरं करत. ही खोड त्यांना लग्नानंतर जडली. नवरा श्यामसुंदर महाप्यातल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा आणि बोलताना मध्येच असा थांबायचा, की तेवढ्यात कुकरची शिट्टी होऊन जावी. "अगं, तो आपला हा..." म्हणून तो थांबला, की काकू "गिझर बिघडलाय" म्हणून मोकळ्या. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. अशाने माणसाला चटक लागतेच.

मुलगा अभिराम नोकरीसाठी पुण्याला गेला आणि घरात पुरी करायला वाक्यंच उरली नाहीत. श्यामसुंदर सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. मधली दुपार काकूंच्या अंगावर यायची. टीव्हीवरच्या बायकांची वाक्यं पुरी करून बघितली, पण त्या काही ऐकून घेत नाहीत. तेव्हा समाजासाठी काहीतरी करावं असं काकूंच्या मनाने घेतलं. समाजाचं भलं व्हायचं तेव्हा होवो, आपली दुपार तर सरेल.

आधी त्या खाडीकाठचं प्लॅस्टिक वेचणाऱ्या मंडळींत गेल्या. तिथे सगळी विशी-पंचविशीची पोरं, बिनधास्त चिखलात उतरणारी. काकूंचा एक बूट खाडीने ठेवून घेतला. मग त्या वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या एका संस्थेत गेल्या. टेबलामागच्या मुलीने गोड आवाजात शिक्षण विचारलं. दहावी म्हटल्यावर तिचा आवाज आणखी गोड झाला, तेव्हाच काकू काय ते समजल्या. आम्ही कळवतो, मुलगी म्हणाली. दहावीच्या सुट्टीत वडील गेले आणि पुढचं राहून गेलं, ही काही टेबलापलीकडे सांगायची गोष्ट नव्हे. काकूंनी पर्स उचलली.

तिसऱ्या ठिकाणी मात्र जमलं असं वाटलं. एका दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसून चार गप्पा मारायच्या, एवढंच काम. गप्पा मारायला काकूंना कुणी शिकवायला नको होतं. पहिले काही दिवस झकास गेले. मग एका आजोबांनी सुरुवात केली, "डॉक्टर म्हणाले, आता फार..." आणि दम लागला म्हणून ते थांबले. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "दिवस नाहीत."

आजोबांना म्हणायचं होतं, आता फार पथ्य नको.

त्यांची सून खुर्चीवरून ताडकन उठली. पुढे काय झालं ते काकूंनी श्यामसुंदरलाही धड सांगितलं नाही. दवाखान्याच्या बाईंनी फोन करून, सध्या आमच्याकडे माणसं भरपूर आहेत, असं कळवलं. काकूंनी फोन ठेवला आणि गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या. त्या दिवशी गवार फारच बारीक मोडली गेली.

अशात सोसायटीच्या ग्रुपवर, पाणी येण्याची वेळ आणि कुणाच्या तरी हरवलेल्या किल्ल्या यांच्या मध्ये, एक मेसेज आला. बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या अंध विद्यार्थिनीला परीक्षेसाठी लेखनिक हवी. ती तोंडाने सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहायचं. अक्षर स्वच्छ हवं. पैसे मिळणार नाहीत. आणि सगळ्यात खाली: लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थिनीपेक्षा कमी असणं आवश्यक.

काकूंनी मेसेज पुन्हा वाचला. कमी शिकलेली हवी, असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लग्नाच्या बाजारातही नाही.

विद्यार्थिनीचं नाव संघमित्रा. दोन सेक्टर सोडून राहायची, आई राजश्रीबरोबर. मूळचे परभणीकडचे लोक. राजश्री पावण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायची. पहिल्या दिवशी तिनेच दार उघडलं, जयभीम घातला आणि काकूंना पंख्याखालची खुर्ची दिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, हिच्या बोलन्याचं मनावर घेऊ नका. लेकराची जीभ लई धारेची हाय."

"आई, मला दिसत नाही, ऐकू येतं," आतून आवाज आला.

संघमित्रा बाहेर आली, पलंगाच्या कडेला बसली आणि लगेच कामाला लागली. आधीची लेखनिक अकरावीतली होती, तिची स्वतःचीच परीक्षा आली. पहिला पेपर महिन्यावर होता. काकूंनी रोज दुपारी यायचं, पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची, मग ती उत्तरं सांगेल ती लिहायची, म्हणजे दोघींचा हात बसेल. वाचायचं काम काकूंना फारच आवडलं. इतिहासाच्या पुस्तकात त्या अशा शिरल्या, की श्यामसुंदरला जेवताना माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा ऐकाव्या लागल्या.

लिहायच्या वेळी मात्र घोडं पेंड खाऊ लागलं.

संघमित्रा सांगायची, "टिळकांनी होमरूल चळवळ..." आणि शब्द जुळवायला थांबायची. तेवढ्यात इकडे काकूंचं पेन सुटलेलं असायचं. पुस्तक त्यांनीच वाचलेलं, पुढचं वाक्य समोर उभं. पहिल्या दिवशी लिहून झाल्यावर संघमित्राने ते वाचून दाखवायला सांगितलं. काकूंनी मोठ्या उत्साहाने वाचलं. ती मान कलती करून ऐकत राहिली.

"यातलं शेवटचं वाक्य माझं नाही."

"अगं, पण बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पण माझं नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तर तिने वाचायलाही लावलं नाही. म्हणाली, "काकू, मी गप्प आहे आणि तुमचं पेन चालू आहे. मला ऐकू येतंय."

काकू ओशाळल्या, पण थोड्या दुखावल्यासुद्धा. आपण चांगलंच लिहितोय, हिचाच फायदा होतोय, मग हा तोरा कशाला? तसं त्या बोलूनही गेल्या. तेव्हा संघमित्राने त्यांना सांगितलं, की मागच्या वर्षी एका लेखनिकाने तिच्या नकळत उत्तरं सुधारून लिहिली होती. पेपर झाल्यावर कौतुकाने सांगितलं, तुझं वाक्य जरा लंगडं होतं, मी नीट केलं.

"सत्तर पडले मला," ती म्हणाली. "आईने पेढे वाटले. त्यातले माझे किती, ते मला अजून माहीत नाही. कुणाला विचारू?"

काकूंनी पेनाला टोपण लावलं. आणि पहिल्यांदाच त्यांनी ते वाक्य तिथेच राहू दिलं.

त्या दिवशी निघताना संघमित्राने स्पष्टच सांगितलं. पहिला पेपर बघू. त्यात तिचा एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तरी पुढच्या पेपरांना ती दुसरी मुलगी घेईल. कॉलेजने एक बघून ठेवली होती. "राग मानू नका. तुमचं वाचन फार छान आहे," तिने वर जोडलं. हे 'छान' काकूंना दवाखान्याच्या फोनसारखं ऐकू आलं.

घरी येताना त्यांनी स्वतःला बजावलं. हे दार बंद झालं तर पुढचं दार कोणतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आता दुपार सरण्याचा प्रश्नच राहिला नव्हता. त्या पोरीच्या घरातलं ते वाचन, मधला चहा, तिचे टोमणे, यांची त्यांना ओढ लागली होती.

मग तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारख्या त्या बसू लागल्या. संघमित्राने नियम घातला: मी गप्प, की पेन कागदावरून वर. काकूंचा हात वर उचललेला राही आणि पेनाचं टोक हवेत थरथरत राही, लगाम खेचलेल्या घोड्यासारखं. पंधरवड्यात थरथर कमी झाली. गेली म्हणता येणार नाही.

पहिला पेपर इतिहासाचा. पनवेलच्या केंद्रावर त्यांना वेगळी खोली दिली होती, कोपऱ्यात मोडकी बाकं रचून ठेवलेली. देखरेखीला एक मॅडम होत्या. त्यांनी दोघींची ओळखपत्रं पाहिली, दहावीच्या सर्टिफिकेटवर नजर टाकली आणि ठीक आहे म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कागदाने काकूंना कुठेतरी आत सोडलं होतं.

काकूंनी प्रश्न वाचून दाखवले. संघमित्रा सांगत गेली, काकू लिहीत गेल्या. ती थांबली की पेन वर. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. आपल्याला जमतंय हे काकूंच्या लक्षात येतंय न येतंय तोच तिसऱ्या प्रश्नात ती सरळ, न अडखळता बोलली, "सन एकोणीसशे नऊमध्ये सरकारने रौलेट कायदा संमत केला. पूर्णविराम."

काकूंचं पेन थबकलं. एकोणीसशे एकोणीस. महिनाभर त्यांनी ते स्वतः वाचलं होतं, श्यामसुंदरलाही ते पाठ झालं होतं. नऊच्या मोर्ले-मिंटो सुधारणा, पोरीने घाईत सरमिसळ केली होती. नुसता शून्याच्या जागी एक लिहायचा. एकच आकडा, नऊच्या आधी. कागदाला वजन नाही, हाताला श्रम नाहीत.

"लिहिलंत?" संघमित्राने विचारलं.

काकूंनी शून्य काढलं, त्यापुढे नऊ काढला. "लिहिलं."

पण खरी कसोटी पुढेच होती. उत्तर संपल्यावर संघमित्रा म्हणाली, "वाचा." वाचून दाखवायला परवानगी होती. आणि काकूंच्या ध्यानात आलं, की यात काहीच लिहायला नको, काही सांगायला नको. नऊवर आवाज नुसता किंचित रेंगाळला, तरी या मुलीच्या कानांना तेवढं पुरे आहे. ती स्वतःच म्हणेल, थांबा, बदला. शब्द तिचाच राहील. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. कुणाला, कधीच, काही कळलं नसतं.

काकूंनी घसाही न खाकरता वाचायला सुरुवात केली. ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी ते फोनवर गॅसचा नंबर सांगावा तसं सपाट वाचलं आणि पुढे गेल्या. आतून मात्र त्यांना कुणीतरी चिमटे काढत होतं. आपल्या पोराला पडताना बघायचं आणि हात मागे बांधून ठेवायचे, असलं कसलं हे काम.

संघमित्राने मान हलवली. "पुढचा प्रश्न."

परतताना रिक्षात काकू गप्प होत्या. त्यांचं गप्प बसणं एवढं दुर्मिळ, की संघमित्राला ते लगेच कळलं. पेपर चांगला गेला म्हणून ती खुशीत होती, बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत होती, उत्तरं एकेक करून मनात परत घोळवत होती. खांदेश्वरचा पूल आला तशी तिची बोटं थांबली.

"काकू. रौलेटला मी नऊ सांगितलं का?"

"हो."

"तुम्ही काय लिहिलंत?"

"नऊ."

रिक्षावाल्याने एक खड्डा चुकवला आणि एक घेतला.

"तुम्हाला एकोणीस माहीत होतं."

"होतं ना."

"वाचताना नुसतं अडखळला असतात तरी मला कळलं असतं."

"तेही माहीत होतं," काकू म्हणाल्या. "फार वाटत होतं गं, अडखळावं. पण पेपर तुझा होता."

संघमित्राने तोंड रस्त्याकडे वळवलं. काकूंना वाटलं, रागावली. मार्क गेले तिचे, रागावायचा हक्कच आहे. कुठलंही वाक्य मनात पुरं न करता त्या बाहेरच्या दुकानांच्या पाट्या बघत राहिल्या.

"मार्क गेले," शेवटी संघमित्रा म्हणाली. "च्यायला, माझेच गेले." आणि तिला हसू फुटलं. सुरुवातीला नुसते खांदे हलले, मग ती अशी हसली, की रिक्षावाल्याने आरसा वळवून पाहिलं. हसता हसता तिने चाचपून काकूंचा दंड पकडला. "समाजशास्त्राला लवकर या. चौथा धडा परत वाचायचाय. मोर्ले-मिंटोसारखी माझी तिथेही खिचडी होते."

"मी येऊ?" काकूंनी विचारलं.

"मग कोण? दुसरी मुलगी मला एकोणीस लिहून देईल."

राजश्रीने अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. रिक्षाचा आवाज ऐकून ती दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. लेकीचा चेहरा तिने एकदा वाचायचा प्रयत्न केला, मग काकूंकडे वळली, कारण लेक सगळं सांगायची नाही आणि या बाई सगळं सांगतात, हे तिला एव्हाना पाठ होतं.

"ताई, कसा गेला हो पेपर?"

"तिलाच विचारा," काकू म्हणाल्या आणि चपला काढायला वाकल्या.

संघमित्रा भिंतीला हात लावत आत गेली, पलंगावर टेकली आणि पहिल्या प्रश्नापासून सांगू लागली. सांगता सांगता मध्येच थांबायची, आठवायची, परत सुरू व्हायची. दोघी बायका उंबऱ्याशी उभ्या राहून ऐकत होत्या.