पाइपाखालची संत्री

आता मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, अशी मी झोकात सुरुवात केली आणि आमच्या इरानं मला तिथंच अडवलं.

"बसणार नसेल तर सांगूच नका, आजोबा. मला विश्वास बसणारी पाहिजे."

तिचं चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रत्येकानं घरातली एक वस्तू न्यायची होती आणि तिची खरी गोष्ट वर्गाला सांगायची होती. 'खरी' हा शब्द बाईंनी इराकडे बघून उच्चारला होता, आणि त्याला कारण मी. मागच्या खेपेला ती माझ्या जुन्या टेलिफोनची डायल घेऊन गेली आणि साताऱ्याच्या एक्स्चेंजात आजोबांच्या हाताखाली एक कावळा होता, तो चोचीनं नंबर जोडून द्यायचा, असं तिनं अगदी मनापासून सांगितलं. वर्ग हसला ते एक वेळ चाललं असतं, पण बाईंनी तिच्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं. ते फार लागलं तिला. तेव्हापासून वर्गातली दोन मुलं कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर येऊन विचारतात, "युअर क्रो हाऊ, लाह?" म्हणजे तुझा कावळा कसा आहे, आणि ती खाणं तसंच टाकून उठते, हे मला तिच्या आईकडून कळलं.

म्हणून त्या रविवारी संध्याकाळी साताऱ्यापासून समुद्रापार, सेंगकांग उपनगरातल्या आमच्या फ्लॅटात माझ्यावर खटलाच भरला होता. जेवणाच्या टेबलावर दोन वस्तू. एक म्हणजे वीतभर लांबीचा, पांढऱ्या पाइपाचा तुकडा. माझी लेक अनघा त्यात पेनं ठेवते. दुसरी म्हणजे जावयांची बरणी. वरुणराव जुरोंग आयलंडवर प्लास्टिकचे दाणे करणाऱ्या कारखान्यात आहेत, तिथले साबुदाण्यासारखे दाणे त्या बरणीत होते. बरणीची गोष्ट सोपी होती: हे दाणे आहेत, माझे बाबा हे करतात, थँक्यू. त्यावर कुणी हसणार नाही आणि कुणी ऐकणारही नाही.

इराची अट अशी, की मी पाइपाची गोष्ट सांगायची. एक जरी खोटं सापडलं, तरी दप्तरात बरणी जाणार. पंच म्हणून तिची आई. अनघा खिडकीपाशी इराचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. ती काही बोलणार नव्हती, फक्त मान हलवणार होती.

मला बसवेना. खरं बोलायचं म्हटलं की माझ्या पायांना मुंग्या येतात. मी टेबलाभोवती फिरायला लागलो. खाली एलआरटीची छोटी आगगाडी खडखडत गेली.

"या पाइपातून धूर जातो," मी म्हणालो.

इरानं पाइप उचलला, त्यातून माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवला. "हे प्लास्टिक आहे. वितळेल."

पहिल्याच वाक्याला ही गत. मी सांगितलं, की बाई गं, तुझी आई जी पाणी तापवायची गॅसची मशिनं विकते ना, ती महाकंजूष जातीची असतात. साधं मशीन अर्धवट गरम धूर तसाच बाहेर फेकून देतं, म्हणून त्याला लोखंडी नळी लागते. हे मशीन धुराला सोडतच नाही. चादर पिळावी तसं त्यातली ऊब पिळून घेतं, पाण्याला देतं आणि मग उरलेलं चिपाड बाहेर सोडतं. तो धूर इतका निवलेला असतो, की त्यातून पाणी ठिबकतं. म्हणून पाइप भिंतीकडे किंचित चढता बसवतात, म्हणजे ते पाणी उलटं मशीनकडे येऊन गटारात जातं.

"धुरातून पाणी?" इरा आईकडे वळली.

अनघानं मान हलवली. वर एक वाक्यही टाकलं, की तो धूर आंघोळीच्या पाण्याइतकाच गरम असतो, आणि पॉलिप्रॉपिलीनला, म्हणजे या पाइपाच्या प्लास्टिकला, तेवढं काहीच नाही.

इरानं पाइप दप्तराच्या तोंडाशी सरकवला. आत नाही, तोंडाशी. इथं माझ्या जिभेवर आलं होतं, की हा पाइप ज्या दाण्यांचा झाला ते दाणे तुझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी ओतले होते. किती छान बसलं असतं. पण पाइप परदेशातून आला होता आणि त्याचे दाणे कुठले, हे कुणालाच ठाऊक नाही. मी घोटभर पाणी प्यालो आणि ते वाक्य गिळलं.

मग मूळ गोष्टीला हात घातला. चोआ चू कांगच्या पलीकडे कारखान्यांच्या वस्तीत एक मोठी लाँड्री आहे, हॉटेलांच्या चादरी धुणारी. मालक मिस्टर कोह. अनघाच्या कंपनीनं या जातीचं पहिलंच मशीन त्यांना बसवून दिलं होतं. प्लास्टिकचा पाइप बघून कोहसाहेबांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. मशीनमधून दोन पाइप भिंतीबाहेर काढले होते. एकातून धूर बाहेर, दुसऱ्यातून जाळाला लागणारी हवा आत. महिनाभर चादरी धुतल्या गेल्या, आणि मग मशीन बंद पडायला लागलं. रोज. सकाळी चालू केलं की कण्हत चालायचं आणि दुपारपर्यंत गप्प व्हायचं. अनघाच्या माणसांनी आतून सगळं उघडून पाहिलं, एक भाग बदलला, दुसरा बदलला. बदललेले भागही गप्प. कोहसाहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत सरळ चाललं नाही तर तुमचं प्लास्टिक उचला आणि चालू लागा.

पहिलंच मशीन परत आलं असतं तर तिची नोकरी राहिली नसती. आणि माझं या देशात राहणं तिच्याच नोकरीवर मिळालेल्या पासाला बांधलेलं आहे. ते इराला ठाऊक होतं. तिनं पाय हलवायचा थांबवला.

"मग शुक्रवारी तुझी आई सेफ्टी बूट विसरली," मी म्हणालो.

अनघा बूट विसरते यावर खरं तर कुणाचा विश्वास बसू नये. ती आदल्या दिवशीच पिशवी भरून दाराशी ठेवणारी बाई. पण त्या दिवशी चपला घालून गेली, आणि बुटांशिवाय लाँड्रीत मशीनपाशी जाऊ देत नाहीत. मग मी निघालो. एका हातात बुटांची पिशवी, दुसऱ्यात काठी. एलआरटी, मग एमआरटी, ती बदलून दुसरी, चोआ चू कांगला उतरून बस. रिकाम्या सीटा होत्या तरी उभा राहिलो, कारण बसलो की गाडी हळू जाते असं मला वाटतं.

"असं होत नाही," इरा म्हणाली.

"वाटतं म्हणालो. वाटणं खरं होतं."

तिनं ते मान्य केलं.

लाँड्रीच्या फाटकावर वॉचमननं बूट आत पाठवले आणि मला बाहेर ठेवलं. माझ्याकडे आत जायचा पास नव्हता. मग मी इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. तिथं गटाराच्या काठाला एक घोरपड पडली होती, माझ्या काठीएवढी लांब. आता ऐका. त्या घोरपडीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पडून होती, मी पुढं गेलो. हे एवढंच सांगताना मला किती यातना झाल्या ते माझं मला ठाऊक. इरा टक लावून बघत होती. मी घाम पुसला.

मागच्या बाजूला शेजारच्या गोदामाचा म्हातारा बाकावर बसला होता. अंकल टॅन. माझ्याच वयाचा, बनियन आणि अर्धी चड्डी. त्यानं सरकून जागा दिली. नुकताच पाऊस थांबला होता, आणि समोरच्या भिंतीत, डोक्यावर हातभर उंचीला, आपले दोन पांढरे पाइप. त्यातल्या एकातून दाट पांढरी वाफ येत होती. थांबून थांबून. कुणीतरी धापा टाकावं तशी.

टॅननं बोट दाखवलं आणि हळू आवाजात काही सांगितलं. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्याचा प्रश्न असा, की या उकाड्यात कुणाच्या श्वासाची वाफ दिसते? जिवंत माणसाची तर नाही.

तेव्हा चिन्यांचा सातवा महिना चालू होता. आपल्या पितृपक्षासारखा. फरक इतकाच, की आपले पितर जेवून जातात आणि यांचे महिनाभर मुक्काम ठोकतात. ज्यांचं कुणी नाही असेही येतात, भुकेले. त्यांच्यासाठी कागदी नोटा, कागदी कपडे जाळायचे. गोदामातल्या लोकांनी भिंतीतून श्वास येताना पाहिला आणि ठरवून टाकलं, की इथं कुणीतरी आलंय आणि ते फार दमलंय. म्हणून त्यांनी नोटा जाळायचा पत्र्याचा डबा बरोब्बर त्या पाइपांखाली आणून ठेवला होता. रोज कामावरून सुटताना जाळायचे. महिना संपत आलेला, जाळणं जोरात.

"खरंच?" इरानं आईकडे पाहिलं. अनघाची मान हलली.

शुक्रवारी टॅननं माझ्यादेखत डबा पेटवला. पाहुणा आला म्हणून असेल, जरा लवकरच. जळलेल्या कागदाचे काळे पापुद्रे वर उठले. वारा होता, ते इकडेतिकडे जायला हवे होते. पण नाही. एकेक पापुद्रा वर जाई, थबके आणि सरळ दुसऱ्या पाइपात शिरे. आपल्या घरी चालल्यासारखा. मी उभा राहिलो. पुन्हा बसलो. पुन्हा उभा राहिलो. आयुष्यभर मी लोकांना गोष्टी सांगितल्या, आणि आता डोळ्यांसमोर एक खरी घडत होती आणि ती सांगायला जवळ आपलं कुणी नव्हतं.

मी अनघाला फोन लावला. ती म्हणाली, बाबा, आत्ता नको. मी म्हणालो, मशीनला पितरांच्या नोटा चारतायत. तिनं फोन ठेवला. मी परत लावला. तिनं परत ठेवला. इथं सांगतो, तिचा काही दोष नाही. माझा फोन तिनं खरा मानावा असं मी आजवर काय केलंय? शेवटी मी फोटो काढला आणि पाठवला.

मग शिडी आली. अनघा स्वतः चढली. हवेच्या पाइपाच्या तोंडाशी पाखरं शिरू नयेत म्हणून जाळी असते, खालून दिसत नाही. ती राखेनं गच्च लिंपली होती. त्या राखेत एक अर्धवट जळलेली नोट अडकली होती, तिच्यावर कुठल्याशा लांब दाढीच्या राजाचं चित्र. आपलं मशीन गुदमरत होतं. जाळी धुतली, आणि तासाभरात चादरींना गरम पाणी गेलं.

"पण ते उद्या परत जाळतील," इरा म्हणाली. पोरगी हुशार आहे.

तेच तर. डबा हलवा म्हणायची कोहसाहेबांचीही छाती होईना, ते स्वतः त्या श्वासाकडे तिरकं बघत होते. तेव्हा मी बाकावर चढलो आणि वाफेत हात घातला. कोपरापर्यंत. टॅननं डोळे मिटून घेतले. हात ओला झाला, उबदार, बस्स. मी टॅनला म्हणालो, यात जो कुणी आहे त्याला धुराचा त्रास होतो, खोकतोय बिचारा. त्याला धूर नको, फळ द्या.

"हे खोटं आहे." इरा ताडकन म्हणाली. "यात कुणीच नव्हतं."

"मी टॅनला काय म्हणालो ते खरं सांगितलं. टॅनला खरं सांगायची अट नव्हती."

तिनं आईकडे पाहिलं. अनघाला हसू आलं होतं. तिनं इस्त्री बाजूला ठेवली, फोन काढला आणि इराला दाखवला. भिंतीत दोन पांढरे पाइप, आणि त्यांच्या खाली, जमिनीवर, लाल प्लास्टिकच्या ताटलीत तीन संत्री. डबा पार पलीकडे, गोदामाच्या दुसऱ्या टोकाला. सातवा महिना केव्हाच संपला, मशीन जोरात चालू आहे, कोहसाहेबांनी दुसरं मागवलंय, आणि टॅन अजून दर आठवड्याला संत्री बदलतो.

इरा तो फोटो बराच वेळ बघत राहिली. मग तिनं फोन परत दिला आणि पाइप दप्तरात घातला. अगदी तळाशी. बरणी उचलून कपाटावर ठेवली. मी जिंकलो होतो. इतक्या वेळानं पहिल्यांदा मी खुर्चीत टेकलो.

"आजोबा, लास्ट क्वेश्चन." ती दप्तराच्या चेनशी खेळत होती. "वर्गात कुणी विचारलं तर? त्या आठवड्यात आई घाबरली होती का?"

खिडकीपाशी इस्त्री थांबली. अनघानं ती कापडावरून उचलली आणि हातात तशीच धरली. तिनं मान हलवली नाही, इकडं ना तिकडं. फक्त माझ्याकडे पाहिलं. खाली एलआरटी आली, गेली.

"छे," मी म्हणालो. "तुझी आई? ती कसली घाबरते. एकदम शांत होती."

इरानं दप्तराची चेन सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावली. पाइप आतच होता.

"आई गुरुवारी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. म्हणूनच ती बूट विसरली. बाकी सगळं मी वर्गात सांगते, हे नाही सांगणार. पण खोटं ते खोटं, आजोबा. दाराबाहेर माझ्या शेजारी तुम्हीच उभे होतात."